मामाची तबकडी

लालासाबचा थोरला भाऊ चौऱ्याहत्तर साली जेद्दाहून सुट्टीवर आला, तेव्हा त्यानं एक रेकॉर्ड प्लेअर आणला आणि सोबत इंग्रजी गाण्यांची एकच तबकडी. कव्हरवरचं चित्र विमानतळावर नडेल म्हणून कव्हर त्यानं तिकडंच फेकलेलं. लेबलवर गाणाऱ्यांच्या कंपूचं नाव तेवढं होतं, आणि त्यावरून कुणाचा बाप काही ओळखू शकला नसता.

लालासाब रेडिओ दुरुस्त करायचा आणि त्याचा जिवलग दोस्त कृष्णात कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर टर्नर होता. इंग्रजीत दोघांचीही मजल मॅट्रिक नापास होण्यापर्यंतच. पण हौस दांडगी! सोमवारी कारखान्याला सुट्टी, की कृष्णात सायकल हाणत लालासाबच्या दारात हजर. लालासाबची आई, शमशादचाची, आधी भाकरी-कालवण वाढायची. "खावा रं पोटभर. तुमचा त्यो रेकणारा कुठं पळून जात न्हाय," म्हणायची. मग मशीन सुरू व्हायचं.

नियम एकच होता. तबकडी वाजताना बोलायचं नाही. संपली की दोघांनी एकाच वहीत आपापलं मत लिहायचं आणि मगच भांडायचं. गाणारा त्यांच्या मते पन्नाशीचा, भारदस्त, आयुष्यात बरंच सोसलेला गडी होता. त्याचं नाव त्यांनी 'मामा' ठेवलं. पहिल्या दिवशी लालासाबनं लिहिलं, 'मामाला दमा असावा, पण माणूस खरा आहे.' कृष्णातनं लिहिलं, 'ढोलवाला जेवून बसलाय.' यावरून दोघं तासभर भांडले. तसलं रिकामटेकडं, पोटभर भांडण कृष्णातला पुढं आयुष्यात कुणाशी जमलं नाही.

पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात शमशादचाची गेली. तीन दिवसांच्या तापानं गेली. चाळिसाव्यानंतरच्या सोमवारी लालासाबनं स्वतःहून तबकडी लावली. चौथं गाणं लागलं, मामाचा आवाज लांबत, खोल जात राहिला, आणि लालासाब भिंतीला टेकून डोळे मिटून बसला. कृष्णात सुई तपासायच्या निमित्तानं मशीनवर वाकला तो गाणं संपेपर्यंत सरळ झालाच नाही. मग लालासाबनं वहीत लिहिलं, 'अम्मीसाठी अब्बा रडले नाहीत. भाऊ आला नाही. हा एक गडी रडला.' कृष्णातनं खाली नुसतं आपलं नाव लिहिलं आणि वही मिटली.

"तुला कायबी वाटलं न्हाय?" लालासाबनं विचारलं. कृष्णातनं सायकल काढली आणि घरची वाट धरली. लालासाबच्या मनात ते बरेच दिवस सलत राहिलं.

पुढच्या वर्षी कृष्णातनं मालकाच्या घरून हिंदी गाण्यांची एक तबकडी मागून आणली. लालासाब बाजारात गेला होता, म्हणून एकट्यानंच लावून बघितली. ओळखीच्या गायिकेचा आवाज पार बाप्यासारखा! टर्नरचं डोकं, लगेच खडूची खूण करून त्यानं फेऱ्या मोजल्या. मिनिटाला तेहतीस हव्या होत्या, अठ्ठावीसच भरल्या. मशीन जेद्दाच्या साठ हर्ट्झच्या विजेचं, कोल्हापूरच्या पन्नास हर्ट्झवर ते मंद चालत होतं. त्यानं लेथवर मोटरच्या शाफ्टवर चढून तो जाड करेल, म्हणजे वेग वाढेल, असा पितळी बुश कातला, अर्ध्या तासाचं काम. पण बसवायला गेला तेव्हा वहीतली ती ओळ आठवली, आणि बुश तंबाखूच्या डबीत जाऊन पडला.

अठ्ठ्याहत्तर साली लालासाबही जेद्दाला गेला. जाताना मशीन, तबकडी आणि वही कृष्णातकडं ठेवून गेला. चौऱ्याऐंशीत परत आला तो टेपरेकॉर्डर आणि तीच गाणी असलेली कॅसेट घेऊन थेट कृष्णातच्या घरी. ती बघताच कृष्णातची नजर फळीवरच्या तंबाखूच्या डबीकडं गेली.

"किस्न्या, मामा बाई हाय रं!"

कॅसेटवर विशीतली एक पोरगी दात काढून हसत होती. चौथं गाणं लागलं, ते बारशाला वाजवावं असं टुणटुणीत! लालासाबही हसला, पण त्याचं हसू काही टिकलं नाही.

"तिथं दुकानदाराशी भांडलो मी," तो म्हणाला. "ह्ये त्ये न्हवंच म्हटलं."

कृष्णातनं उठून फळीवरची तंबाखूची डबी त्याच्यापुढं ठेवली. "मशीन मंद चालतंय. ह्यो बुश बसवला की बराबर हुतंय."

"कवा केलास ह्यो?"

"शहात्तरला."

"आठ वर्सं! आन मला बोलला न्हाईस?"

"चाचीसाठी रडणारा एकच गडी तू लिवला हुतास. त्यो बी काढून घिऊ व्हय?"

लालासाबनं वही ओढली. जुनं पान काढलं. त्याची ओळ, खाली कृष्णातचं नाव, आणि त्याखाली कोरी जागा.

"म्हंजे अम्मीसाठी कुणी गडी रडलाच न्हाय," तो म्हणाला.

कृष्णात शर्टाच्या टोकानं मशीनवरची धूळ पुसत होता.

"मी हुतो की," तो म्हणाला.

लालासाबनं खिशातलं पेन काढलं आणि उघडून त्या कोऱ्या जागेवर ठेवलं.

"मग लिव की."