घासलेली कड

अकरा वाजून दहा मिनिटांनी पुण्याच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांनी भिंग खाली ठेवले आणि विचारले, "ही कड कोणी घासली?"

"मी," नूरजहाँ म्हणाली.

सोमवार होता, २१ ऑक्टोबर १९५७. पौडहून ती पहिल्या एसटीने आली होती. मांडीवर चार महिन्यांचा मुलगा, शेजारी दीर रमजान. टेबलावर एकाच शिंपल्याच्या दोन शिंपा, राखेने घासून लख्ख केलेल्या.

तिचा नवरा मौला घाटाखाली त्याच्या मामाच्या गलबतावर खलाशी होता. गेल्या दिवाळीआधी गलबत कौले भरून आफ्रिकेला गेले. मार्चअखेर मोंबासाहून पत्र आले, परत निघतोय म्हणून. त्यानंतर पावसाळा सुरू झाला आणि संपला. गणपतीनंतर कोकणच्या किनाऱ्याला एक फळी लागली. तिच्यावर मौलाने ठोकलेले पत्र्याचे ठिगळ होते; सफरीला न गेलेल्या मामाने ते ओळखले. फळी गलबताच्या वरच्या काठाची, एरवी कोरडी राहणारी; पाण्यात पडली ती गलबत फुटल्यावरच. तिला केसासारख्या तंतूंनी हा शिंपला चिकटला होता. रमजानने तो सोडवून आणला. "भाईची येवढीच खूण."

तान्ह्याला घरात दूध शिंपेनेच पाजत. पाजण्याआधी तिची कड पाट्यावर घासायची, ओठ कापू नये म्हणून. नूरजहाँ दोन दिवस घासत होती.

"घास चांगली," सासू सुलताना म्हणाली होती. "बाप लई धारदार. पोराला टोचंल."

दोघी हसल्याही होत्या.

हसू टिकले नाही. सासूचा सवाल रोजचा होता: इद्दत धरायची का नाही? विधवेचे चार महिने दहा दिवस मोजायचे, तर कुठल्या दिवसापासून? शेवटी शाळेच्या मास्तरांनी या प्राध्यापकांचे नाव सांगितले. शिंपला कुठल्या समुद्रातला, ते यांना कळते.

"हे प्राणी पोहत समुद्र ओलांडत नाहीत," प्राध्यापक म्हणाले. "तरंगत्या लाकडाला चिकटून येतात. जात कळली की चिकटला कुठे, याचा अंदाज बांधता येतो. ही मोत्याच्या शिंपल्याची भावंडं. एक जात आफ्रिकेकडची, एक आपल्याकडची."

"तिकडची असंल तर?"

"तर गलबत फुटल्यावर लवकरच फळी त्या किनाऱ्याजवळ होती. म्हणजे ते तिथंच फुटलं असेल. माणसं जमिनीला लागली असतील, असं निदान म्हणता येईल."

"आन् हिकडची?"

प्राध्यापकांनी मुलाकडे पाहिले. "मग भर समुद्रात फुटलं असण्याचीच शक्यता जास्त."

"मंग बगा की, साहेब."

"बाई, दोन्हींतला फरक कडेवरच्या खवल्यांत असतो. तेच राहिले नाहीत."

नूरजहाँने शिंप उचलली. कडेवरून अंगठा फिरवला. कुठेही लागले नाही.

"माझ्याच हातानं," ती म्हणाली.

"भाबी, तुमाला काय ठावं हुतं?" रमजान म्हणाला.

फळी कुठे आहे, असे प्राध्यापकांनी विचारले. ठिगळाखालच्या फटीत आणखी एखादा बारका शिंपला अडकलेला असू शकतो. फळी किनाऱ्यावरच्या भैरू कोळ्याकडे होती. रमजानने तिथेच बसून मामाला कार्ड लिहिले.

उत्तर पौडला आले ५ नोव्हेंबरला. फळी सागाची, वाया कशाला घालवायची म्हणून भैरूने रंधा मारून ती आपल्या होडीला बसवली होती. ठिगळ उपटले की तसेच ठेवले, हे मामाला माहीत नव्हते. होडी मासेमारीला गेली होती. आली की पाहून कळवतो, असे त्याने लिहिले होते.

"मंग काय ठरलं?" सुलतानाने विचारले.

"होडी येऊ दे, अम्मा."

"एक गेलं तेच अजून आलं न्हाई."

नूरजहाँने शिंपेत दूध घेतले. तिच्या हातात अजून बांगड्या होत्या.

३० नोव्हेंबरपर्यंत दुसरे कार्ड आलेले नाही.