अर्ध्या परातीची कोच

लल्ला तामूने गुडघ्यांची तक्रार कधी कुणाकडे केली नाही. ती फक्त जिन्यात थांबायची. नवव्या पायरीवर. मागून कुणी आलंच तर भिंतीकडे बघून म्हणायची, "ओल येतेय इथं." मोरोक्कोतल्या साफीत समुद्र इतका जवळ, की कुठल्याही भिंतीला ओल येतेच, तेव्हा वाद कोण घालणार? पण मुलगा अब्देलइलाह केनित्रा शहरातून आला, तिच्या मागे उभा राहून बराच वेळ ती ओल बघत राहिला, आणि वर पोचल्यावर म्हणाला, "यम्मा, माझ्याकडे तळमजल्यावरची खोली रिकामी आहे. तू तिकडे ये."

"पाहुणी म्हणून?"

"राहायला."

ती खोली लल्ला तामूने पाहिली होती. तिला एक खिडकी होती आणि खिडकीबाहेर अब्देलइलाहची गाडी उभी असायची. इथे तिला गच्ची होती. गच्चीवरून समुद्र दिसायचा आणि आजूबाजूच्या चार घरांचा कारभार दिसायचा. तो कारभार तीच चालवत होती. त्या घरांनी तशी विनंती कधी केली नव्हती.

"पंधरा दिवसांनी ये," ती म्हणाली. "सतरा पायऱ्या न थांबता चढून दाखवते. नाही चढले तर गाठोडं बांधते."

बोलून गेल्यावर तिला दिसलं की शेजारची हाज्जा इत्तो तिथेच बसून चहा पीत होती. आता शब्द मागे घ्यायचा तर चारही घरांतून मागे घ्यावा लागला असता.

घरात मुलगी होती, घिझलान. कफ्तानांची बटणं विणून पोट भरायची. नवऱ्याला सोडून आलेली होती, आणि त्याबद्दल तिला कुणी टोमणा मारत नसे, कारण तो नवरा लल्ला तामूनेच निवडला होता. घिझलानने फोनवर एक बाई शोधून काढली. कोच विदाद, रबातची. वय तिशीचं, केस डोक्यावर बांधलेले, दंड न्हाव्याच्या दंडासारखे. साठी उलटलेल्या बायकांना ती फोनवरून व्यायाम शिकवायची. पहिला आठवडा फुकट, पुढे महिन्याला तीनशे दिरहॅम.

"तीनशे दिरहॅम घेऊन ती माझ्याऐवजी जिना चढणार आहे का?"

"चढणार तूच, यम्मा. ती सांगणार."

"या घरात सांगायला मी आहे."

पण फुकटच्या आठवड्याला नाही म्हणण्याइतकी ती शिकलेली नव्हती.

सकाळी आठला फोन चहाच्या किटलीला टेकवून ठेवायचा. कोच विदाद म्हणायची, "लल्ला, हात न टेकता बैठकीवरून उठा. दहा वेळा." लल्ला तामू उठायची. आपल्याच घरात दहा वेळा उठायचं आणि कुठेच जायचं नाही, हे तिला अपमानाचं वाटलं, पण ती उठली. दुसऱ्या दिवशी कोच म्हणाली, "आता जेवणावर बोलू. जेवायच्या आधी ताटाचा फोटो पाठवा."

तो शुक्रवार होता. घिझलानने कुसकुसच्या, म्हणजे वाफवलेल्या रव्याच्या, परातीचा फोटो पाठवला. वेगळं ताट त्या घरात नव्हतंच. परातीभोवती चौघं बसायची: मायलेकी, हाज्जा इत्तो आणि तिचा नवरा सी अल्लाल. त्या दोघांचं स्वयंपाकघर चार वर्षांपासून दुरुस्तीला काढलेलं होतं. ज्याने त्याने आपल्या पुढ्यातलं खायचं. दुसऱ्याच्या पुढ्यात हात घालणारा माणूस या गल्लीत अजून जन्मला नव्हता.

कोचचा निरोप आला. "लल्ला, हे सगळं तुमचं?"

"म्हणजे काय?" लल्ला तामू भडकली. "मी काय दुसऱ्याच्या घरची परात उचलून फोटो काढते? सांग तिला, सगळं माझं. भोपळासुद्धा मीच निवडून आणलाय."

घिझलानने लिहिलं: हो, सगळं यम्माचं.

 पाव तासाने कोच विदादचा आवाज आला, अगदी मऊ, आजाऱ्याशी बोलावं तसा. "लल्ला, घाबरू नका. हळूहळू जाऊ. यापुढे फोटोत दिसेल त्याच्या बरोबर अर्धं खायचं. त्याहून कमी मात्र नको हं, एकदम कमी केलं तर चक्कर येईल."

लल्ला तामूने परातीकडे पाहिलं. "अर्धी परात?"

"असं म्हणतेय खरी," घिझलान म्हणाली. "पण यम्मा, मला वाटतं तिचा काहीतरी—"

"तू तिच्याहून जास्त शिकलीस का? ताकद हवी तर खायला हवं. एवढं तरी कळतं पोरीला."

तिने चमचा घेतला आणि कुसकुसच्या मधोमध रेघ ओढली. अर्धा गोल तिचा. उरलेल्या अर्ध्यात तिघं गुडघ्याला गुडघा लावून बसली. कुसकुस पुढे असताना सी अल्लाल कधी बोलायचा नाही. तो बोलला.

"हद्द आखलीय का?"

"औषध आहे ते," घिझलान म्हणाली.

"मग मला काय झालंय, की मी उपाशी राहायचं?"

"तुमचं वेगळं आहे," हाज्जा इत्तो नवऱ्याला म्हणाली. "तुम्हाला कोच नाही."

शनिवारी सार्डिन मासळीच्या गोळ्यांचं कालवण झालं, रविवारी वाटाणे आणि मांस. रोज फोटो, रोज रेघ. लल्ला तामू शेवटचे घास डोळे मिटून गिळायची. सोमवारी तिला बैठकीवरून हात टेकूनही उठता येईना. घिझलानने तिला औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभं केलं. दोन किलो वाढले होते. काटा दुकानदाराचा होता, म्हणून लल्ला तामूने आधी दुकानदाराला ऐकवलं.

घिझलानने वजन कळवल्यावर कोचने लिहिलं, "लल्ला, रागावू नका. खरंच अर्धंच खाल्लं ना?"

लल्ला तामूने फोन हिसकावून घेतला. "अर्ध्याला एक दाणा कमी नाही! पोट फुटायची वेळ आली, तरी शब्द मोडला नाही. मला खोटारडी म्हणतेस?"

"मग उद्या जेवताना मला प्रत्यक्ष दाखवा."

मंगळवारी फोन पाण्याच्या सुरईला टेकवला. कोच विदादने परात पाहिली. रेघ पाहिली. रेघेच्या पलीकडे दाटीवाटीने बसलेली तिघं पाहिली.

"लल्ला, हे कोण?"

"जेवणारे."

"रोज असतात?"

"मग काय एक दिवसाआड जेवू घालू?"

कोचने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. थोड्या वेळाने बोटांमधून म्हणाली, "माझ्या आजीकडेपण परातच असते."

"तरी तुला कळलं नाही?"

"सगळ्या बायका आपापल्या ताटाचा फोटो पाठवतात, लल्ला. एकेकट्या जेवतात. तुम्हाला विचारायचं सुचलंच नाही."

"आता सुचलं ना? मग?"

"पुसा ती रेघ. पूर्वी खात होता तेवढंच खा."

रेघ सी अल्लालनेच पुसली. फार मनापासून पुसली.

"हिला एक दिरहॅम द्यायचा नाही," लल्ला तामूने निकाल दिला. "माझ्याच परातीत मला हद्द घालायला लावली." पण फुकटचा एक दिवस उरला होता. तो सोडून देणं म्हणजे त्या पोरीला बक्षीस देण्यासारखंच होतं. म्हणून बुधवारी पुन्हा आठला किटलीपुढे बसली.

"आज जिना दाखवा," कोच म्हणाली.

घिझलान फोन धरून मागे चालली. लल्ला तामू चार पायऱ्या चढली.

"थांबा. दुखतो कुठला गुडघा?"

"उजवा."

"मग दर पायरीला उजवा पाय आधी का टाकता? सगळा भार त्याच्यावरच येतो."

"घराकडे जाताना उजवाच आधी टाकायचा असतो. रबातेत कुणी मुसलमान राहत नाही का?"

"तो उंबऱ्यावर, लल्ला. तुमचा उंबरा कुठे आहे?"

लल्ला तामूने वर पाहिलं. दार वर होतं.

"मग दारात उजवा," कोच म्हणाली. "जिन्यात चढताना डावा आधी. उतरताना उजवा."

लग्न होऊन आल्यापासून ती या जिन्यावर उजव्या पायाने चढत होती. नवरा तसाच चढायचा, सासूही तशीच चढायची. त्या दोघांचेही गुडघे गेले होते, आणि घराण्याने ते नशिबावर टाकलं होतं. लल्ला तामूने डावा पाय उचलला. बाराव्या पायरीपर्यंत ती थांबली नाही.

गुरुवारी आठवडा संपला. पैसे भरा, नाहीतर शिकवणी बंद, असा निरोप आला.

"पाय कळला ना तुला, यम्मा?" घिझलान म्हणाली. "आता कशाला पैसे?"

"बारा झाल्या. वरच्या पाच तू चढवणार आहेस? तू मागून नुसती 'जप, जप' करतेस. ती पोरगी दमडीचीही दया दाखवत नाही." तिने फोन घिझलानकडे सरकवला. "तिला फोन लाव."

फोन लागला.

"ऐक विदाद. पायांचं तुला कळतं. पोटाचं काडीचं कळत नाही. मी पायांपुरते देईन. दीडशे."

"लल्ला, असे तुकडे नाही करता येत."

"परातीचे केलेस की."

पलीकडे बराच वेळ हसण्याचा आवाज येत राहिला. शेवटी सौदा दोनशेवर ठरला. अब्देलइलाहला हे कळलं तेव्हा तो फोनवर म्हणाला, "मी भरतो ना, यम्मा." ती म्हणाली, "तू भरलेस तर गुडघे तुझे होतील," आणि बटणांच्या कमाईला हात न लावता आपल्या पेटीतले पैसे घिझलानच्या हातावर ठेवले.

पंधराव्या दिवशी तो आला. हाज्जा इत्तो आणि सी अल्लाल आधीच वर येऊन बसले होते. लल्ला तामूने झगा वर खोचला आणि डावा पाय उचलला. नववी पायरी गेली. बारावी गेली. चौदावीला तिचा श्वास खालपर्यंत ऐकू येत होता. पंधराव्या पायरीवर ती थांबली.

मागे अब्देलइलाहने हात पुढे केला.

"हात नको. दुखतंय," ती म्हणाली. घरात हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच आला, आणि वर हाज्जा इत्तोने पेला खाली ठेवला. मग लल्ला तामू उरलेल्या दोन चढली आणि दारात उजवा पाय टाकला.

अब्देलइलाह वाईट माणूस नव्हता. त्याने तिला पाणी पिऊ दिलं. मग म्हणाला, "यम्मा, न थांबता असं ठरलं होतं."

"ठरलं होतं. थांबले. हरले."

"मग गाठोडं..."

"बांधलं असतं. पण महिन्याचे पैसे भरलेत. शिकवणी जिन्याची आहे. तुझ्या तळमजल्याला जिना आहे?"

"नाही."

"मग दोनशे दिरहॅम पाण्यात घालू?"

 अब्देलइलाहही त्याच घरात वाढला होता, आणि त्या घरात भरलेले पैसे वाया घालवा असं कुणी कुणाला सांगू शकत नसे. "बरं," तो म्हणाला. "महिना संपला की बोलू."

"बोलू की."

तो जेवला आणि निघाला. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली, तशी लल्ला तामूने घिझलानला हाक मारली.

"त्या विदादला विचार, सहा महिन्यांचे एकदम भरले तर किती घेशील."