सतरा नंबरचा हिरवा दिवा

कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. नगरपरिषदेचे सदस्य, वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आणि घरं ऊबदार ठेवायला शहराला नळांतून गरम पाणी पुरवणाऱ्या त्या कंपनीचे झाडून सगळे कर्मचारी भिंतीवरच्या पडद्याकडे टक लावून बसले होते. बाहेर उणे सव्वीस अंश. पडद्यावर अक्षरं आपोआप उमटत होती, कुणाचं बोट कळफलकाला लागत नव्हतं, आणि शहरातल्या त्रेचाळीस पंपांचे दिवे एकामागून एक हिरवे होत होते.

"पाहा, मी काहीच करत नाहीये!" काळ्या स्वेटरातले सल्लागार क्रिस्टोफर वेस्टरलुंड दोन्ही हात वर करून म्हणाले. "आमचा सिल्मा म्हणजे डोळा आहे, डोळा! तो स्वतः प्रत्येक पंपापाशी जातो, त्याची नाडी बघतो, दुखणं असेल तर बरं करतो. माणूस थकतो, चुकतो, कॉफीला उठतो. सिल्मा कॉफी पीत नाही!"

हशा पिकला. फिनलंडमध्ये कॉफीवरचा विनोद सहसा वाया जात नाही.

मागच्या रांगेत राइली कोंटुरीने दात आवळले. सव्वीस वर्षं ती रोज सकाळी आपल्या टेबलावरून त्रेचाळीस पंपांच्या संगणकांत एकेक करून शिरायची, पाणी किती गरम आहे ते वाचायची आणि कुठे गडबड दिसली की फिटर तार्मोला पिटाळायची. सहा आठवड्यांपूर्वी ते काम सिल्माला दिलं गेलं आणि राइलीचे पासवर्ड काढून घेतले गेले. माणसाचा हात लागला की यंत्राची एकाग्रता मोडते, असं म्हणे. तेव्हा डायरेक्टर पेंट्टीने विचारलं होतं, "कुणाला काही प्रश्न?" कुणी ब्र काढला नाही. बैठकीत आम्ही फिन लोक कधीच प्रश्न विचारत नाही. गप्प बसणं हाच सभ्यपणा, असं लहानपणापासून शिकलेले आहोत. राइलीही गप्प बसली होती, आणि आता त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप येत होता.

कारण मंगळवारी हेल्वीबाईंचा फोन आला होता. वय शहाऐंशी, शाळेत राइलीला विज्ञान शिकवायच्या, आता निएमी वृद्धाश्रमात राहतात.

"राइली, खोलीत तेरा अंश आहेत. मी लोकरीची टोपी घालून झोपते. शेजारच्या आर्नेला काल न्यूमोनिया होऊन दवाखान्यात नेलं."

"बाई, कंपनीला कळवलंत का?"

"चारदा! तुमचा माणूस म्हणतो, पडद्यावर हिरवं आहे, तुमचाच तापमापक बिघडला असेल. अगं, तीन तापमापक आहेत माझ्याकडे, तिन्ही एकदम बिघडले? तुमच्या यंत्राने नेमकं काय वाचलं, एवढं विचार फक्त."

राइली तडक पेंट्टीकडे गेली. "निएमीला पाणी देणारा सतरा नंबरचा पंप बघायला तार्मोला पाठव."

"सतरा हिरवा आहे."

"म्हातारी माणसं गारठतायत, पेंट्टी!"

"हिरव्या पंपावर माणूस पाठवायचा म्हणजे सिल्मावर अविश्वास दाखवायचा. परवा नगरपरिषदेचे लोक यायचेत. उगाच खोडा घालू नकोस." पंपघरांच्या चाव्या त्याच्याच कपाटात होत्या.

बरं, म्हणाली राइली मनात. पासवर्ड गेले होते, पण पंपांच्या संगणकांच्या पत्त्यांची यादी अजून तीच सांभाळत होती; कोणता पत्ता कोणत्या यंत्राला द्यायचा, ते तिच्याच हातात होतं.

आणि आज त्रेचाळीसही दिवे हिरवे झाले. टाळ्या पडल्या. पेंट्टीने सवयीने विचारलं, "कुणाला काही प्रश्न?"

"मला आहे." राइली उभी राहिली. सगळ्या माना वळल्या. "सतरा नंबरचं पाणी आत्ता किती गरम आहे?"

वेस्टरलुंड गोड हसले. "सिल्मा आकड्यांच्या पलीकडचं पाहतो, राइली. तो पंपाचं एकूण स्वास्थ्य जाणतो."

"म्हणजे आत्ता तो सतराला भेटून आला?"

"तुमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत!"

राइली कॉफीच्या यंत्रापाशी गेली आणि त्यामागून एक जुना लॅपटॉप काढून तिने टेबलावर ठेवला. "हा घ्या तुमचा सतरा नंबर. त्या पत्त्यावर आज सकाळी मी हा बसवलाय. याला ना पंप, ना पाणी. हा फक्त पासवर्ड मागतो आणि जो मिळेल तो दाखवतो."

लॅपटॉपवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: लुमिउक्को१.

"अरे, हा तर सगळ्याच पंपांचा पासवर्ड!" तार्मो ओरडला.

"सगळ्यांचा एकच, आणि जो मागेल त्याला देऊन टाकायचा!" राइलीचा आवाज चढला. "ही स्क्रिप्ट आहे, वीसेक ओळींची. 'पासवर्ड' शब्द दिसेपर्यंत थांब, दिसला की टाइप कर, आत शिरलास की 'निरोगी' लिही आणि बाहेर पड. वाचत काहीच नाही, नाहीतर पंप नसलेल्या या लॅपटॉपला हिरवा दिवा मिळाला असता का! हे यंत्र ओळखीचं नाही, तरी आत जायचं का, असंही सिल्माचाच संगणक विचारतो. त्याचंही उत्तर आधीच लिहून ठेवलंय: हो. अशा स्क्रिप्ट मीही लिहिल्यात, त्यात वाईट काही नाही. पण माझी स्क्रिप्ट पाणी किती गरम आहे ते वाचायची, आणि मी तिला डोळा म्हणत नव्हते!"

"हे... हे प्राथमिक स्वरूप आहे," वेस्टरलुंड पुटपुटले.

"आर्नेचा न्यूमोनियाही प्राथमिक स्वरूपाचाच होता ना?"

तार्मोने पेंट्टीसमोर हात पसरला. "चावी."

अर्ध्या तासाने त्याचा फोन आला. पंप जाम होऊन बंद पडला होता. शेजारचा संगणक मात्र ठणठणीत. त्याला पंपाबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. दुपारी निएमीतल्या खोल्या ऊबदार झाल्या. आर्नेची खोलीही झाली. तो मात्र परत आला नाही.

स्क्रिप्टला काय दोष द्यायचा? तिला प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणायला शिकवलं होतं, ती म्हणाली. त्या कॅन्टीनमध्ये पन्नास शिकलीसवरली माणसं होती, आणि सहा आठवडे तीही तेच करत होती. म्हणून सांगते, हिरवा दिवा दिसला की टाळ्या वाजवण्याआधी विचारा, हा कशावरून हिरवा आहे? काय मोजलं, कुणी मोजलं? सांगणारा चिडला, तर आणखी मोठ्याने विचारा.