विकणे आहे: नदीकाठचा पांढरा बंगला

मित्रांनो, मी एक जुना बंगला आहे. तसं माझं वय फार नाही. तुमचे आईवडील शाळेत जात होते, त्या सुमारास माझा पाया खणला गेला असेल. पण घर किती जुनं झालं हे त्याने किती पावसाळे अंगावर काढले त्यावरून ठरतं, आणि मी माझे सगळे पावसाळे उघड्या डोक्याने काढले आहेत. तेव्हा सांगता सांगता मला धाप लागली तर समजून घ्या.

बदलापूर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून मांजर्लीकडे आलात की नदीच्या अंगाला मी दिसतो. गोल कमानी, सपाट गच्ची, निळ्या खिडक्या. फाटकाला 'विकणे आहे' अशी पाटी आहे. तिच्याकडे आता कुणी बघत नाही. मीही बघत नाही.

माझा जन्म एका चित्रातून झाला. माझे मालक दिनानाथराव मालवाहू बोटीवर इंजिनियर होते. एकदा त्यांची बोट इटलीकडच्या बंदरात दुरुस्तीला अडकली. समोरच्या टेकडीवर समुद्राकडे तोंड करून पांढरीशुभ्र घरं उभी होती. ती त्यांच्या मनात भरली. येताना त्यांनी एका कॅलेंडरचं पान फाडून आणलं आणि बायकोला, मालिनीबाईंना म्हणाले, "आपण हे बांधायचं." आता समुद्राकाठची जमीन काही परवडणारी नव्हती. मग उल्हास नदीवर भागवलं. पाणी ते पाणीच, असा त्यांचा हिशेब.

रामभाऊ गवंड्याला त्यांनी ते पान दाखवलं. रामभाऊ कुणाचं मन मोडणारा नव्हता. "साहेब, कमान गोल पाहिजे, गोल देतो. चौकोनी पाहिजे, चौकोनी देतो. आपलं काय जातं?" असं म्हणून त्याने कामाला हात घातला. गच्ची चित्रात सपाट होती, म्हणून मला सपाट मिळाली. शेजारच्या प्रत्येक घरावर पत्रे होते. माझ्यावर नव्हते, कारण चित्रातल्या घरावर नव्हते. त्या देशात पाऊस म्हणे पाहुण्यासारखा येतो. आमच्याकडे तो जावयासारखा येतो आणि चार महिने हलत नाही, हे त्या कॅलेंडरला कुठून ठाऊक असणार?

वास्तुशांत माघात झाली. काय सांगू तुम्हाला, दृष्ट लागावी असं माझं रूप होतं. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराला आलेले नातेवाईक तिथून थेट मला बघायला यायचे. बायका कमानीत उभ्या राहून फोटो काढून घ्यायच्या. दिनानाथराव हात पाठीमागे बांधून सगळ्यांना माझ्याभोवती फिरवायचे. मला फार बरं वाटायचं. नव्याचे नऊ दिवस सगळ्यांनाच गोड लागतात.

ज्येष्ठ लागला आणि ते बोटीवर निघून गेले. त्यांचा तो नेमच होता. ज्येष्ठात जायचं, दिवाळीला यायचं, आंबे खाऊन परत निघायचं. "पावसात गावी बसून करायचं काय?" असं ते म्हणायचे. मागे उरायच्या मालिनीबाई, त्यांची लहानगी मीनल आणि मी.

पाऊस जोरात लागला तेव्हा माझ्या गच्चीवर तळं साचलं. ते आधी भिंतीत मुरलं, मग छतातून ठिबकू लागलं. मालिनीबाईंनी बादल्या ठेवल्या, पातेली ठेवली, शेवटी पूजेची ताम्हनंसुद्धा ठेवली. श्रावणात नदी पात्र सोडून वर आली आणि विचारपूस न करता खालच्या हॉलमध्ये शिरली. पाणी ओसरलं तेव्हा माझ्या पांढऱ्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला चिखलाची रेघ राहिली. चित्रातल्या घराला अशी रेघ नव्हती.

मागच्या वस्तीतल्या गयाबाई मदतीला आल्या. त्यांचा नवरा किसन अंबरनाथच्या कारखान्यात होता. त्यांच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलं होतं, तरी आपलं आवरून त्या माझा चिखल उपसायला आल्या.

"वैनी, साहेबांना कळवा की," त्या म्हणाल्या. "वर पत्रे टाकतील येऊन."

"नको गं," मालिनीबाई म्हणाल्या. "माणूस तिकडे एकटा असतो. झोपताना हेच घर डोळ्यांसमोर आणत असेल. त्याच्या जिवाला घोर कशाला?"

झाकली मूठ सव्वा लाखाची. बाईंनी मूठ झाकली ती झाकलीच. दसरा झाला की दोघी पदर खोचायच्या. शेवाळ खरवडायच्या, पूर आलेल्या वर्षी रेघ घासायच्या, पिंपात चुना भिजवून त्यात नीळ घालायच्या आणि मला अंगभर फासायच्या. चुन्याने बाईंचे हात फाटायचे. रात्री त्या हातांना खोबरेल लावायच्या आणि नवरा आला की ते पदराआड घ्यायच्या. खिडक्यांना पुन्हा निळा रंग लागायचा. दिवाळीला दिनानाथराव बॅग घेऊन फाटकात उभे राहायचे, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचे आणि म्हणायचे, "बघ मालिनी, जसाच्या तसा. एक ओरखडा नाही." बाई हसायच्या. त्या हसण्याखाली किती थकवा होता हे मला माहीत होतं, कारण तितकाच माझ्याही अंगात होता.

परदेशातून त्यांचा फोन शेजारच्या दुकानात यायचा. ते विचारायचे, "बंगला कसा आहे?"

बाई म्हणायच्या, "उभा आहे."

अशी वर्षं गेली. मीनल मोठी झाली, लग्न होऊन पुण्याला गेली, तिला मुलगी झाली. दिनानाथराव निवृत्त होऊन दिवाळीला घरी आले ते कायमचे. तेव्हा मालिनीबाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "हे विकू या. मीनलजवळ दोन खोल्या घेऊ. मी दमले." ते थक्क झाले. आता कुठे घर उपभोगायची वेळ आली, तर हिला ते विकायचं होतं. पण नातीच्या ओढीने ते कसेबसे तयार झाले. जाहिरात त्यांनी स्वतः लिहून पेपरात दिली: 'समुद्रकाठच्या व्हिलासारखा आलिशान बंगला विकणे आहे.'

आधी उल्हासनगरचे एक कापडाचे व्यापारी गाडी करून आले. सगळा बंगला फिरून झाल्यावर गच्चीवर उभे राहून त्यांनी चहूकडे पाहिलं. "साईं, बंगला तो एकदम फर्स्ट क्लास है. समंदर किधर है?" दिनानाथरावांनी नदी दाखवली. पौषातली नदी, म्हशी गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. व्यापाऱ्यांनी चहाची तारीफ केली आणि ते गेले.

फाल्गुनात एक जोडपं आलं. भगवान कल्याणला बँकेत होते, त्यांची पत्नी द्रौपदी अंबरनाथच्या शाळेत शिकवत होत्या. दोघं कारखान्याच्या चाळीत वाढलेली. त्यांच्या दोन्ही घरांत आजवर कुणाचं स्वतःचं छप्पर नव्हतं. द्रौपदीबाई माझ्या हॉलमध्ये आल्या आणि चप्पल दाराबाहेर काढून सावकाश फिरल्या. एका कोनाड्यापाशी थांबून नवऱ्याला म्हणाल्या, "इथे बुद्धाची मूर्ती. आणि वर बाबासाहेबांचा फोटो." मग आतली खोली बघून म्हणाल्या, "ही सासूबाईंना. त्यांना वर चढवत नाही."

मित्रांनो, मला ती माणसं आवडली. मला त्यांचं व्हायचं होतं.

किमतीचं जवळजवळ ठरलं. मालिनीबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या तेव्हा त्यांचा चेहरा कित्येक वर्षांत नव्हता इतका मोकळा होता. तेवढ्यात द्रौपदीबाईंनी विचारलं, "पावसाळ्यात कसं असतं हो इथे?"

"एक थेंब गळत नाही," दिनानाथराव म्हणाले. "मी उभं राहून बांधलाय. नदी आपल्या जागी, आपण आपल्या जागी."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. आता मालिनीबाईंनी फक्त गप्प बसायचं होतं. इतकी वर्षं बसल्याच होत्या. एवढा एक चहा संपेपर्यंत त्या गप्प राहिल्या असत्या, तर त्या सुटल्या असत्या. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, नका बोलू, बाई.

त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. "गळतं," त्या म्हणाल्या. "दर वर्षी गळतं. आणि नदी इथे आत येते, कमरेएवढ्या उंचीपर्यंत. तुमच्या सासूबाईंना त्या खोलीत झोपवू नका, ताई."

भगवान कप हातात घेऊन तसेच बसले. "साहेब, तुम्ही तर म्हणालात..."

द्रौपदीबाई उठल्या, मालिनीबाईंचा हात हातात घेतला, आणि तो फाटलेला हात त्यांनी पाहिला. "बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणाल्या. जाताना त्यांनी त्या कोनाड्याकडे एकदा वळून बघितलं.

फाटक लागल्यावर दिनानाथरावांचा स्फोट झाला. "लोकांसमोर मला खोटं पाडलंस."

"तुम्ही खोटं बोललाच नाहीत. तुम्हाला माहीतच नव्हतं."

"मग सांगायचं होतंस."

"बोटीवरच्या माणसाला सांगून काय करायचं होतं? पोहत येणार होतात?"

"तीस वर्षं समुद्रात काढली मी. मला पाणी शिकवतेस? तू जा पुण्याला. या पावसाळ्यात मी इथे राहून दाखवतो. बघू या काय होतं ते."

ज्येष्ठात बाई गेल्या. जाताना त्यांनी माझ्या दाराच्या चौकटीवर तळहात टेकला आणि निघाल्या.

मग दिनानाथरावांनी आणि मी पहिल्यांदा एकत्र पावसाळा काढला. सुरुवातीला त्यांनी छाती काढून गच्चीवर डांबर ओतलं. ते आठ दिवस टिकलं. मग बादल्या आल्या, पातेली आली. कुठलं पातेलं कुठे ठेवायचं हे त्यांना कळेना, कारण ते फक्त बाईंना ठाऊक होतं. आषाढ सरेपर्यंत ते वरच्या खोलीत पलंगावर छत्री उघडून बसू लागले. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

श्रावणात एका दुपारी गयाबाई ओरडत आल्या. "साहेब, नदी सुटली. वर चला, खालचं सोडा." त्यांनी ऐकलं नाही. ते हॉलमधल्या वस्तू उचलत राहिले आणि पाणी गुडघ्याला लागल्यावर किसनने त्यांना दंडाला धरून वर नेलं. अख्खी दुपार ते वरून खाली माझ्या हॉलकडे बघत होते. त्यात खुर्च्या तरंगत होत्या.

पाणी ओसरून गाड्या सुरू झाल्याबरोबर मालिनीबाई आल्या. स्टेशनपासून चिखल तुडवत चालत आल्या. दारात नवरा उभा होता. दाढी वाढलेली, पायजमा पोटरीपर्यंत चिखलाने माखलेला. भिंतीवरची रेघ अजून ओली होती.

"दर वर्षी असं?" दिनानाथरावांनी विचारलं.

"पूर दर वर्षी नाही. गळती दर वर्षी."

त्यांनी छताकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं. मग म्हणाले, "वर गळतं. खाली पाणी. मग तुम्ही दोघी राहायचात कुठे?"

बाईंनी बोट दाखवलं. जिना जिथे मध्यावर वळतो, तिथे एक रुंद पायरी आहे. गळतीचं पाणी तिथवर येत नाही आणि पुराचंही पोचत नाही. "मीनल तिथे झोपायची," त्या म्हणाल्या. "मी खालच्या पायरीवर बसायचे. झोपेत गडगडली तर धरायला कुणी नको का?"

दिनानाथराव जिन्यापाशी गेले. त्या पायरीवर त्यांनी वीत टेकली, मग दुसरी टेकली, इंजिनियर माणूस मापतो तसं. मुलीचं सगळं लहानपण त्या मापात बसवून बघितलं असावं. मग ते तिथेच बसले आणि गुडघ्यात डोकं घालून रडले. मालिनीबाई खालच्या पायरीवर बसल्या. मी त्या दोघांना कोरडं ठेवलं. तेवढंच मला जमत होतं.

त्याच महिन्यात त्यांनी नदीपासून लांब, शिरगावात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. तेव्हापासून मी रिकामा आहे. गिऱ्हाईक आलं की दिनानाथराव स्वतः त्याला सगळं सांगतात, आणि गिऱ्हाईक जातं. मला राग नाही. दसऱ्याला आता चुना लागत नाही, माझ्या अंगावरची शेवाळाची हिरवी चादर कुणी खरवडत नाही, आणि बाईंचे हात बरे झाले आहेत असं गयाबाई शेजारणीला सांगताना मी ऐकलं.

तर मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, घर बघायला जाल. कमानी बघा, रंग बघा, हवं तर फोटोही काढा. पण तुमचं स्वतःचं घर असलं तरी त्याला उन्हात बघून खूश होऊ नका. भर पावसात एकदा त्यात राहा. आणि घरात जी बाई तुमच्यासमोर चहाचा कप ठेवते, तिला खाली बसवा आणि विचारा, पावसात तू कुठे झोपतेस?