साल्व्होचा हॉर्न

गुरुवारी संध्याकाळी फुटबॉलचा, म्हणजे इथल्या हातानं झेलून पायानं मारायच्या फुटबॉलचा, सराव संपला की वॉरमबीलच्या क्लबात जेवण असतं, आणि जेवणानंतर शनिवारचा संघ वाचून दाखवतात. या दोन्हींच्या मधे जो वेळ उरतो त्यात संघातल्या डार्सी क्विल्टीची बिनपाण्याची हजामत होते. मोसमभर हेच चाललं होतं. त्या गुरुवारी मात्र वस्तरा जरा जास्तच परजलेला होता, कारण शनिवारी कोलबर्नशी शेवटचा साखळी सामना होता. जिंकलं तर बाद फेरी, हरलं तर बूट पुढच्या वर्षापर्यंत माळ्यावर.

"गेल्या शनिवारी चेंडू त्याच्या हातात दोनदा आला," टायरच्या दुकानाचा मर्व्ह सूप भुरकत म्हणाला. "त्यातून एकदा तर पंचानंच आणून दिला."

"आणि त्याच्या आधीच्या शनिवारी?" समोरून नोएलीन ट्रेगियरनं विचारलं. "सहा गोल. तेव्हा तू याच टेबलावर चढून नाचलास. अजून डुगडुगतंय बिचारं."

"तेच म्हणतोय ना मी. एक आठवडा देव, एक आठवडा दगड. नक्की कोण येणार ते आधी कळवायला काय जातं त्याचं?"

"कळवलं असतं तर तू तिकीट काढून आला असतास का?"

सगळे हसले. साल्व्हो बेनेडेट्टी तेवढा हसला नाही. तो पाव मोडून सुपात बुडवत राहिला.

एरवी डार्सीच्या नावानं सगळ्यात मोठा आवाज साल्व्होचाच असायचा. सामन्याच्या वेळी पिकअपच्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून तो ओरडायचा, "बसवा त्याला, मेंढरं बरी!" पण गेले पंधरा दिवस त्याची पंचाईत झाली होती. डार्सीला बसवला तर त्याच्या जागी कोण, तर रेमो. रेमो म्हणजे साल्व्होच्या मुलीचा, कार्लाचा मुलगा. एकोणीस वर्षांचा, शहाणा, सांगितलेलं निमूट करणारा खेळाडू. चेंडू आला की धरतो, जवळच्या माणसाला देतो. अजून पहिल्या संघातून एकही सामना खेळायला मिळालेला नाही. आणि संघ निवडणाऱ्या तिघांत साल्व्हो स्वतः होता. दुसरी नोएलीन, तिसरा प्रशिक्षक रॉस.

"साल्व्हो आज गप्प का रे?" मर्व्हनं खडा टाकला. "घरचा माणूस तयार झाला, आता ओरडायची गरज नाही, होय?"

"तू सूप पी," साल्व्हो म्हणाला.

पंचांच्या लहानशा खोलीत तिघं बसले. खोलीला मलमाचा आणि ओल्या मोज्यांचा वास होता. रॉसनं आडपडदा ठेवला नाही. "मला रेमो हवा. शनिवारी मला असा माणूस पाहिजे, जो सांगितलेल्या जागी सापडेल."

"मला डार्सी," नोएलीन म्हणाली.

दोघांनी साल्व्होकडे पाहिलं.

"नातू आहे माझा," साल्व्हो म्हणाला. "मी मत देणं बरं दिसत नाही."

"गाडीतून ओरडताना बरं दिसत होतं," नोएलीन म्हणाली. "आता ओरडू नकोस, नुसतं सांग. शनिवारी तू बघायला येतोस कुणाला?"

साल्व्होला जूनमधला एक शनिवार आठवला. खरं तर तो विसरलाच नव्हता. डार्सी दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा टेकवून चढला होता आणि वर, जिथं कुणाचे हात पोचायचं कारण नाही तिथून त्यानं चेंडू काढून आणला होता, फळीवरून बरणी काढावी तसा. त्यानंतर गोलही झाला, आणि गोल झाला की गाडीचा हॉर्न वाजवतात, तो साल्व्हो वाजवायचाच विसरला. दुसऱ्या दिवशी पहाटे गाई पिळताना तो एकटाच हसत होता. इतकं सुंदर काही त्यानं आयुष्यात फार वेळा पाहिलं नव्हतं. ही गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. ज्याला मेंढरू म्हटलं त्याच्या प्रेमात पडलोय, हे सांगायचं तरी कसं?

"डार्सी," तो म्हणाला.

"नक्की?" रॉसनं विचारलं.

"परत विचारलंस तर बदलीन."

रॉसनं बाहेर येऊन संघ वाचला. सगळ्यात शेवटी म्हणाला, "राखीव, रेमो." म्हणजे कुणी आजारी पडलं तरच. स्वयंपाकघराच्या खिडकीशी कार्ला पुडिंग वाढत होती. तिनं डाव खाली ठेवला आणि एप्रन सोडला.

गाड्यांपाशी तिनं बापाला गाठलं. "पप्पा, मत कुणाचं फिरलं?"

थाप मारणं सोपं होतं. खोलीतलं बाहेर सांगायचं नाही असा नियमच होता. पण साल्व्होला मुलीशी खोटं बोलणं कधी जमलं नव्हतं. "माझं."

"नातवासाठी साल्व्हो त्या क्विल्टीच्या मुळावर उठलाय, असं सगळा गाव म्हणत होता. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आणि तुम्ही? लोकांना घाबरलात?"

"लोकांना नाही घाबरलो."

"मग?"

मागून आलेल्या रेमोनं आईच्या हातातून किल्ल्या घेतल्या. "ठीक आहे, नोनो," तो आजोबाला म्हणाला, आणि त्याच्याकडे न बघता गाडीत बसला. कार्लाच्या रागापेक्षा ते 'ठीक आहे' साल्व्होला जास्त लागलं.

वॉरमबीलच्या मैदानाभोवती कुंपणाला नाकं लावून गाड्या उभ्या राहतात, आणि कुणाची गाडी कुठं हे ठरलेलं असतं. नवऱ्याबायकोचं बिनसलं, भावाभावांत शेताचा बांध फुटला, की गाड्यांच्या जागा बदलतात आणि गावाला काही विचारावं लागत नाही. साल्व्होची पांढरी पिकअप गुणफलकाजवळच्या कोपऱ्यात, तिच्या शेजारी कार्लाची निळी गाडी. त्या शनिवारी निळी गाडी पार समोरच्या टोकाला जाऊन उभी राहिली. पिकअपशेजारची जागा मोकळीच राहिली. दुसऱ्याच्या जागेत गाडी घालायची पद्धत तिथं नाही, त्यामुळे ती खाच सामनाभर सगळ्यांच्या नजरेत येत होती.

रेमो सकाळी दुसऱ्या संघातून खेळला आणि दुपारी गुणफलकाच्या शिडीवर चढला. पत्र्याचे आकडे खिळ्यांना अडकवायचं काम ज्यांना पहिल्या संघात जागा नाही त्यांच्याकडे असतं. साल्व्होनं त्याला हात केला. त्यानंही केला, पण आकडा पुसत पुसत.

आणि डार्सी? डार्सीचा तो आठवडा दगडाचा होता. सामन्याच्या चार डावांपैकी पहिल्या डावात तो चेंडूच्या मागे पोचला, दुसऱ्यात पुढे. तिसऱ्यात मैदानाच्या कडेला टिटवीनं अंडी घातली होती, तिथलं न कापलेलं गवत चुकवताना तो पाय घसरून पालथा पडला, आणि ती टिटवी त्याच्या डोक्यावर घिरट्या घालून किंचाळली. संघाचं नावही टिटव्या, त्यामुळे कोलबर्नवाल्यांना हसायला आणखी जोर आला.

मर्व्हनं पिकअपच्या काचेवर टकटक केली. "काय साल्व्हो, तुझा माणूस निघाला का घरून? की गाडी पाठवू आणायला?"

साल्व्होनं काच वर घेतली. समोरच्या टोकाला निळी गाडी दिसत होती. काच वर असली तरी तिच्यातली नजर त्याला इथपर्यंत जाणवत होती.

चौथा, शेवटचा डाव संपत आला तेव्हा फलकावर कोलबर्न एकाहत्तर, टिटव्या अडुसष्ट होते. गोलाचे सहा मिळतात, पण तो मारायला चेंडू तरी हवा होता. एवढ्यात कुणीतरी घाबरून उंच टोलवलेला चेंडू साल्व्होच्या कोपऱ्याकडे आला. खाली तिघंजण हात वर करून थांबले होते. डार्सी कुठंच नव्हता. मग तो मागून आला, नेहमीसारखा उशिरा, आणि थांबला नाही. एकाच्या खांद्यावर त्याचा गुडघा टेकला आणि तो वर गेला. तिघंही खाली यायला लागले तरी हा वरच होता. चेंडू त्याच्या तळव्यांत बसल्याचा आवाज साल्व्होला बंद काचेतून ऐकू आला.

झेल घेतला म्हणजे निवांत मारायला मिळतं, पण जागा कसली, तर अगदी कुंपणाला चिकटून. तिथून गोलाचे चारही खांब एकामागे एक दिसत होते, ज्यांतून चेंडू जायला हवा त्या मधल्या दोघांत हात घालायलाही फट नव्हती. डार्सी दहा पावलं मागे आला. वाकून त्यानं मोजे वर ओढले, खांबांकडे पाहिलं, आणि किंचित हसला.

हॉर्न वाजला, लांबलचक.

अख्खी रांग वळून बघायला लागली. गोलपंचानं दोन्ही निशाणं हलवल्यावरच हॉर्न, हा तिथला कायदा. आधी वाजवला तर रांगेतल्या प्रत्येकाला खिम्याची पाई खिलवायची. मर्व्ह दरवर्षी एकदा तरी सापडायचा. साल्व्हो कधीच नाही. साल्व्होचा हॉर्न वाजला म्हणजे गोल झाला, असं डोळे मिटून समजायचे लोक. इथं तर चेंडू अजून डार्सीच्या हातातच होता.

साल्व्होनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तो अजून हॉर्नवरच होता. लाजून, लोकांच्या नजरा चुकवायला म्हणून त्यानं तोंड फिरवलं, आणि त्याची नजर गुणफलकावर गेली.

टिटव्या, चौऱ्याहत्तर.

रेमोनं आकडे आधीच लावून टाकले होते. काढलेला आठ तसाच हातात धरून तो शिडीवर उभा होता, तोंड उघडं, डोळे डार्सीवर. आपण काय केलंय हे त्याच्या गावीही नव्हतं. जूनमधल्या त्या शनिवारी साल्व्हो असाच दिसला असणार.

मुलीला जे सांगता आलं नव्हतं ते या पोराला सांगायची गरजच नव्हती. आता गोल झाला नसता तरी त्याला चाललं असतं.

पण तो झाला. डार्सीनं चेंडू खांबांच्या दिशेनं मारलाच नाही. तो मारला बाहेर, कुंपणावरून, पिकअपच्या बॉनेटवरून गेला म्हणा ना, आणि वाटेत काहीतरी आठवल्यासारखा तो आत वळला आणि मधल्या दोन खांबांतून निघून गेला. गोलपंचानं निशाणं हलवली आणि सगळ्या मैदानाचे हॉर्न एकदम सुटले. साल्व्हो तेवढा नुसता बसून होता. त्याचा वाजवून झाला होता.

टिटव्या तीन गुणांनी जिंकल्या. शेवटचा भोंगा होतो न होतो तोच मर्व्ह खिडकीशी हजर झाला.

"पाई, साल्व्हो. सॉस वेगळा."

"मिळेल."

"मेंढरू बरं खेळलं आज."

"मर्व्ह, तोंड बंद ठेवशील तर दोन देतो."

रेमो शिडीवरून उतरून आला. काखेत आठचा आकडा तसाच होता. "नोनो, तुम्ही लवकर वाजवलात," तो म्हणाला.

"आणि तू आकडा कधी लावलास?"

रेमोनं मागे वळून फलकाकडे पाहिलं, आणि तो कानापर्यंत लाल झाला. "तो हसला ना," तो पुटपुटला. "म्हणून वाटलं, झालाच."

"मलाही," साल्व्हो म्हणाला. "पाईचे अर्धे पैसे तुझ्याकडून."

दोघं पाई आणायला पिकअपच्या मागेच असलेल्या टपरीच्या खिडकीपाशी उभे होते, तेव्हा मैदानाच्या पलीकडून निळी गाडी निघाली. वेढा घेऊन ती सावकाश आली आणि पिकअपशेजारच्या मोकळ्या जागेत तिनं नाक घातलं. कार्लानं काच खाली केली. तिला समोरच्या टोकावरून हॉर्नही ऐकू आला होता आणि रेमोनं आधीच लावलेला आकडाही दिसला होता.

"या रांगेत पाई मिळते म्हणे," ती म्हणाली.

"मिळते," साल्व्हो म्हणाला, आणि खिडकीतल्या बाईला त्यानं एक वाढवून सांगितली.