पायगुणाची सीट

भंगारातल्या गाड्या फोडणाऱ्या ताईनं घण उचलला आणि बाळाच्या सीटवर घातला. प्लास्टिकचा तुकडा उडून धाकट्या भावाच्या नडगीवर बसला.

"डोकं फिरलंय का तुझं?" तो कळवळला. "गाडीचा चेंदामेंदा झाला, पण हिच्यातलं पोर वाचलं. पायगुणाची सीट आहे, म्हणून माझ्या छकुलीसाठी काढून ठेवली होती."

ताईनं दुसरा घाव घातला. मग सीट गाडीला बांधून ठेवणारा पट्टा तिनं हिसडून त्याच्या नाकासमोर धरला. शिवण पार उसवली होती.

"त्या पोराला वाचवताना हिचा जीव गेलाय," ती म्हणाली. "मेलेलीच्या मांडीवर लेक बसवतोस?"