खोटं वर्तुळ

“ठिपके आत सरकले,” सुवर्णा म्हणाली. मी दुपारी दुकान बंद करून जेवायला आलो होतो. ताट वाढलेलं नव्हतं, त्यावरूनच काहीतरी बिनसलंय हे कळलं.

माझी बायको आदिलाबादला कॉलेजात गणित शिकवते, आणि अकरा वर्षं पीएच.डी. करत होती. माझं बियाण्यांचं दुकान. पण ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. तिचा विषय मला कळला तो असा: आकड्यांचा मोठा चौकोन घ्यायचा, त्यातल्या प्रत्येक तिरप्या ओळीत एकच आकडा. अशा चौकोनातून काही खास आकडे निघतात, त्यांना आयगेनव्हॅल्यू म्हणतात. चौकोन वाढवत नेला की हे आकडे शेवटी कुठे जाऊन बसतात, एवढंच तिला सिद्ध करायचं होतं. कम्प्युटरवर त्यांचे ठिपके एका लांबट वर्तुळावर बसत. त्या चित्राच्या भरवशावर तिने सिद्धता लिहिली. प्रबंध बांधून आला होता, सोमवारी विद्यापीठात द्यायचा होता.

“काऊन, काय झालं?” मी विचारलं.

“कम्प्युटरच्या चुकीलेच मी खरं मानून राह्यले होते.”

कम्प्युटर सोळा अंक ठेवतो आणि पुढचे कापतो. त्या कापलेल्या चुऱ्यानेच ठिपके वर्तुळावर ढकलले होते. त्या सकाळी मनाच्या समाधानासाठी तिने शंभर अंक ठेवून तेच गणित केलं, तर सगळे ठिपके आतल्या एका सरळ रेघेवर येऊन बसले. मग सिद्धतेतली फटही तिला सापडली. सिंग्युलर व्हॅल्यू म्हणजे चौकोनातून निघणारे दुसऱ्या तऱ्हेचे आकडे, त्यांचं प्रकरण तेवढं बरोबर होतं, पण ते दुसऱ्यांनी आधीच सिद्ध केलेलं.

त्याच दुपारी मी तिला आदिलाबादजवळच्या मावल्याला भगवंतरावांकडे नेलं. ते तिचे मार्गदर्शक, आणि ही त्यांची शेवटची विद्यार्थिनी. मुदत सोमवारीच संपत होती, पुन्हा वाढणार नव्हती. त्यांनी दोन्ही चित्रं बराच वेळ पाहिली.

“जाऊ दे आता, सुवर्णा,” ते म्हणाले. “तपासणारे बी तेच सोळा अंक लावतात. कोन पाह्यते एवढं?”

खरं सांगतो, मला ते पटलं. अकरा वर्षांत ती एकाही लग्नाला धड पंगतीत बसली नव्हती. मी मानही हलवली, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

“मी पाह्यलं ना, सर,” ती म्हणाली.

भगवंतरावांनी चष्मा काढला आणि ते तो खूप वेळ पुसत बसले. प्रबंध गेला नाही. पदवी मात्र गेली.

महिन्याभराने तिने एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात दिली, म्हणजे पुन्हा कुणी या चित्राला फसणार नाही. पहिल्या पानावर तिने हाताने लिहिलं होतं की चौथ्या प्रकरणातला सिद्धांत चूक आहे, आणि का, ते शेवटी जोडलं आहे. ग्रंथपाल आशाबाईंनी नोंदवहीत मोठ्या आदराने ‘डॉ. सुवर्णा’ असं लिहिलं. सुवर्णाने त्यांच्या हातातला पेन मागून घेतला, ‘डॉ.’वर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी सही केली.